हलकं चाक आणि रांगेतली पिवळी गाडी

कापसाच्या त्या वाईट वर्षांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पाहणीला येणाऱ्यांची फार गर्दी झाली होती. दिल्लीहून पथकं यायची, मुंबईहून यायची, कधी परदेशातून गोरे अभ्यासक यायचे. विश्रामगृहात खोली मिळायची नाही आणि दुकानांतलं बाटलीबंद पाणी संपायचं. सगळे पाहायचे, माना हलवायचे, वांग्याची भाजी चापायचे आणि जायचे. त्यांनी काय पाहिलं ते त्यांनाच ठाऊक. मला त्या वर्षांतली एकच पाहणी नीट आठवते. ती केळापूरकडच्या एका निवृत्त एस.टी. कंडक्टरने केली, आणि त्याला ती तशी करावी लागली ती एका क्लचमुळे.

आधी माझ्या साळ्याची ओळख करून देतो. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ. सासऱ्यांची लोहाऱ्याकडे जिनिंग फॅक्टरी होती. शेतकऱ्याचा कापूस घ्यायचा, सरकी वेगळी काढायची, रुईच्या गाठी बांधायच्या, भाव पडला की सरकारच्या नावाने बोलायचं आणि चढला की स्वतःच्या हुशारीविषयी, असा तो धंदा. त्या वर्षांत भाव पडलेलेच होते, म्हणून आमच्याकडे सरकारची चर्चा फार व्हायची. निम्मी यंत्रं झाकून ठेवलेली. साळा चौतिशीला आलेला. स्थळं यायची. मुलीकडचे लोक फाटकातून आत डोकवायचे, यंत्रांवरची ताडपत्री पाहायचे, चहा प्यायचे आणि "कळवतो" म्हणून जायचे. आमच्याकडे "कळवतो" म्हणजे नाही. "पाहू" म्हणजेसुद्धा नाहीच, पण त्यात जरा माया असते.

अशा वेळी शहाणा माणूस यंत्रं चालू करील, नाहीतर मुलीच्या बापाला खरं काय ते सांगेल. माझ्या साळ्याने स्पोर्ट्स कार घेतली.

जपानी, दोन दारांची, दोन माणसांची, हळदीसारखी पिवळी. मुंबईतल्या कोणत्या तरी हौशी माणसाने वापरून टाकलेली, नागपूरच्या दलालाने चकचकीत करून विकलेली. इतकी बुटकी, की पंगतीला बसतात तसं आधी खाली टेकायचं आणि मग पाय आत ओढून घ्यायचे. त्यामागचं शास्त्र साळ्याने मला समजावून सांगितलं.

"भाऊजी, लोक म्हणतात ना, धंदा बसला म्हणून? मंग ही गाडी पाहून काय म्हणतीन?"

"धंदा बसला अन् पोरगंही वाया गेलं, म्हणतीन."

"तुमाले नाही समजायचं. तुम्ही मास्तर."

मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. जावई आणि त्यातून मास्तर, त्यामुळे सासुरवाडीला मान भरपूर आणि किंमत बेताची. पण इंग्रजी कागद कोणताही असो, तो माझ्याकडेच यायचा. फवारणीच्या डब्यावरच्या चिठ्ठ्या मी वाचून दाखवल्या होत्या, यंत्रांची पत्रकं वाचली होती. तेव्हा क्लच आला तोही वाचायला माझ्याकडेच आला.

गाडीचा मूळ क्लच सहा महिने टिकला, हेच त्याचं मोठेपण. साळा गाडी पळवत नसे, लोकांना ती नीट पाहता यावी म्हणून हळूच चालवायचा. चौकात माणसं दिसली की अजून हळू. डावा पाय कायम क्लचच्या पेडलवर, पेडल कायम अर्धं दाबलेलं. एके दिवशी बाजारात भर दुपारी गाडीने शेवटचा उसासा टाकला. खोबरं जळल्यासारखा वास सुटला. किराणा दुकानदार बाहेर येऊन आपल्या बायकोला हाका मारायला लागला. गाडी ढकलत गॅरेजला नेली, आणि ज्या गाडीला आजवर कोणी हात लावू शकलं नव्हतं तिला त्या दिवशी गावातल्या बारा-पंधरा जणांनी मनसोक्त हात लावून घेतला.

गॅरेजवाल्याला सगळे उस्ताद म्हणायचे, आणि त्याचंही स्वतःविषयी तेच मत होतं. आयुष्यभर ट्रॅक्टर आणि मालवाहू गाड्या दुरुस्त केलेल्या, पण बोलणं असं की विमानं उघडून बसलाय. त्याने जळलेली तबकडी बाहेर काढून मला दाखवली.

"देखो मास्तर. इधर इंजिन, उधर चाक. दोघांच्या मधात क्लच. पेडल दाबलं का सोडचिठ्ठी, पाय काढला का लग्न. अन् अर्धं दाबून ठेवलं का तुमच्या साळ्यासारखं, ना लग्न ना मोकळा. मग जळणार नाही त काय?"

साळ्याला हे लागलं. कारण त्याच आठवड्यात तो एक मुलगी पाहून आला होता.

मुलगी केळापूर तालुक्यातल्या एका खेड्यात शाळेवर शिक्षिका होती. मी सोबत होतो. पोहे झाले, नाव-शिक्षण झालं, मग मुलाला काही विचारायचं आहे का असं तिला विचारलं. मुली अशा वेळी मान खाली घालून "नाही" म्हणतात, निदान आमच्या वेळी म्हणायच्या. या मुलीने साळ्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्या जिनिंगवर कापूस घेऊन येणारे दिवसभर रांगेत राहतात म्हणे. त्यांना प्यायला पाणी असते काय तिथं?"

साळा म्हणाला, "आहे ना."

नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फाटकाशेजारी दोन रांजण मांडले, वर झाकणं, झाकणांवर पेले. कापसाच्या संकटावर त्या वर्षी जिल्ह्यात जेवढ्या उपाययोजना झाल्या त्यांत ही एकच मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. तेव्हा मला कळलं की हे प्रकरण नेहमीचं नाही. साळ्याचं जेवण कमी झालं. आरशापुढचा वेळ वाढला. मुलीचा निरोप आला, मला मुलगा चालेल, पण बाबा घर पाहून येतील आणि ते म्हणतील ते शेवटचं. बाबांचा "कळवतो" आला तर हा पोरगा पुन्हा कोणाकडे पोहे खायला जाणार नाही, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. माझी बायको तर देवाला नवस बोलून बसली.

पाहुणे यायला पंधरा दिवस होते. तोवर क्लच बसायला हवा होता.

मग सुरू झाली क्लच निवड समिती. बैठका जिनिंगच्या ऑफिसात, गादीवर, तक्क्याला टेकून. बाहेर कापसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रांगेत उभे, आत आम्ही इंटरनेट कॅफेतून छापून आणलेल्या कागदांभोवती उकिडवे. अध्यक्ष साळा, तज्ज्ञ उस्ताद, दुभाषी मी. सासरे विरोधी पक्षात.

पर्याय तीन होते. पहिला, गाडीला कंपनीने दिला होता तसाच साधा मऊ क्लच. तो साळ्याने वाचूनही दाखवू दिला नाही. "तो जळला ना? मंग जळका माल पुन्हा कायले?" दुसरा, तसाच पण जरा जास्त जोराने पकडणारा, सोबत नेहमीसारखं जड फ्लायव्हील. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या मागचं चाक. ते जड असलं की इंजिन हळू फिरतानाही मरत नाही, जात्याला हात सोडल्यावरही एखादा वेढा मिळतो तसं. आणि तिसरा पर्याय होता शर्यतीचा. तबकडीवर मऊ अस्तराऐवजी चिनी मातीसारख्या टणक पदार्थाची सहा बटणं, आणि चाक अॅल्युमिनियमचं, हलकंफूल. कागदावर लिहिलं होतं की याने इंजिन पापणी लवायच्या आत वर चढतं. त्याच्या खाली बारीक अक्षरांत हेही लिहिलं होतं की तितक्याच लवकर खाली येतं, आणि हळू चालवताना गाडी धक्के खाते, बंद पडते. मी ते बारीक अक्षरही वाचून दाखवलं, दोनदा, आवाज चढवून. पण ज्याचं लग्न ठरायचं असतं त्याला बारीक अक्षर ऐकू येत नाही.

"बटणांचा म्हंजे?" साळ्याने विचारलं.

उस्तादचे डोळे चमकले. "म्हंजे नरमाई नाही. सोडला त सोडला, धरला त गचांडी! मधातली भानगडच नाही."

"हाच पाहिजे," साळा म्हणाला. अर्ध्या पेडलचा टोमणा अजून टोचत होता.

सासऱ्यांनी चष्मा वर केला. जुन्या जिनावर त्यांनी तेलाचं इंजिन चालवलेलं, त्याचं चाक पुरुषभर उंच होतं. "चाक हलकं?" ते म्हणाले. "अन् पैसे?"

"जास्त, बाबा. दुप्पट."

"लोखंड कमी अन् पैसे जास्त? म्हंजे यानं वजनात कापलं, अन् वरून भाव चढवला?" सासऱ्यांचा चेहरा लाल झाला. हे तेच सासरे, जे कोरडा ठणठणीत कापूस असला तरी ओलाव्याच्या नावाखाली प्रत्येक गाडीच्या वजनातून काही किलो कापायचे. बाजारात त्याला कडता म्हणतात. आयुष्यभर लोकांचा कडता कापणाऱ्या माणसाला मुंबईच्या दुकानदाराने चाकात कडता कापावा, याचा त्यांना इतका संताप आला की त्यांनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

माझ्या बायकोने दारातून एवढंच विचारलं, "अन् हळू चालवाची असन तर?"

"हळू कायले चालवाची? स्पोर्ट्स कार आहे," साळा म्हणाला. गेले सहा महिने ती कशी चालवली होती हे समितीतल्या कोणाच्याही स्मरणात नव्हतं.

आणि उस्ताद? त्याने जड चाकाच्या बाजूने एक शब्द काढला असता तरी गोष्ट वेगळी झाली असती. पण त्याला आयुष्यात एकदा तरी शर्यतीचा माल हातात धरायचा होता. "ट्रॅक्टरचे क्लच बसवून बसवून हात गंजले, मास्तर," तो मला हळूच म्हणाला. तज्ज्ञांच्या समित्या अशाच असतात. त्या वर्षांत जिल्ह्यात आलेल्या बाकीच्या समित्या मला त्यानंतर बऱ्याच समजायला लागल्या.

मुंबईच्या दुकानाला फोन लावला, ऑफिसातल्या फोनचा आवाज मोठा करून. बोलणार मी.

पलीकडून विचारणा झाली, "गाडी रोजच्या वापराला आहे की रेसला?"

साळ्याने मला खूण केली. "दोन्हीला," मी म्हणालो.

"दोन्हीला एकच क्लच नसतो, सर. एक काहीतरी सांगा."

साळ्याने छाती पुढे काढली. "रेसला," मी म्हणालो.

"कुठल्या ट्रॅकवर?"

मी साळ्याकडे पाहिलं, साळ्याने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर जो रस्ता दिसत होता तोच त्याने सांगितला. "दारव्हा रोड," मी फोनमध्ये सांगितलं.

"हा ट्रॅक ऐकला नाही सर मी."

"नवीन आहे," मी म्हणालो. "अजून डांबर पडायचं आहे."

"ओके सर. गुड लक सर."

आठवड्यात खोका आला. उस्तादने गॅरेजच्या दारावर ओलं फडकं टाकून धूळ बंद केली, अगरबत्ती लावली, आणि ते चाक दोन्ही हातांवर धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं. "एक बोटावर उचलते! हे पाहा, एक बोट!" बसवून झाल्यावर साळ्याने पहाटे रिकाम्या रस्त्यावर गाडी नेली, मला शेजारी घेऊन. खोटं कशाला बोलू, मजा आली. पेडल सुटलं आणि मागून कोणीतरी लाथ मारावी तशी गाडी उडाली. इंजिन किंचाळलं, बाभळीवरचे बगळे उठले, माझी टोपी मागच्या काचेला चिकटली. साळ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. परत येताना फाटकाशी मात्र हळू केलं आणि गाडी तीन आचके देऊन बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा आचके, पुन्हा बंद.

"नवीन आहे," उस्ताद म्हणाला. "रुळंन."

पाहणीचा दिवस उजाडला. पाहुणे एस.टी.ने यवतमाळला उतरले. मुलीचे बाबा आणि सोबत चार नातेवाईक. बाबा म्हणजे वाळलेला, ताठ माणूस, पांढरी टोपी, खिशाला अजूनही पेन लावायची सवय. सारी नोकरी कंडक्टर म्हणून केलेली. गाडीतलं यंत्र कसं चालतं याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं, ते ड्रायव्हरचं काम. त्यांचं सगळं लक्ष माणसांवर. कोण रांग मोडून चढतो, कोण अर्ध्या तिकिटाचं पोर मांडीवर लपवतो, एवढ्यावर ते माणसाची परीक्षा करायचे. "लाइन पाळते तो माणूस," हे वाक्य मी मुलगी पाहायला गेलो तेव्हाच त्यांच्या तोंडून तीनदा ऐकलं होतं.

पाच पाहुणे आणि गाडीत एक जागा. चौघांना आम्ही ऑटोत बसवलं. बाबांना पिवळ्या गाडीत. त्यांचे गुडघे हनुवटीला लागले आणि टोपी छताला. मी स्कूटरवर बाजूने निघालो, कारण अशा वेळी घरी बसून राहणाऱ्यांतला मी नाही.

लोहाऱ्यापर्यंत सगळं थाटात. आणि मग रांग सुरू झाली.

त्या दिवशी बाजारात बोली उशिरा सुटली होती, आणि बोली झालेला सगळा कापूस एकदमच वजनाला आमच्या फाटकावर आलेला. बैलगाड्या, ट्रॅक्टर, सगळे एका ओळीत. दुसऱ्या बाजूने गाठी भरलेले ट्रक बाहेर पडत होते, त्यामुळे मधे वाट अशी नव्हती. ऑटो कुठून तरी शेतातल्या पायवाटेने निसटली. साळा रोज काय करायचा तर लांबून हॉर्न वाजवायचा आणि गाड्यावाले बैलांना बांधावर चढवून मालकाला वाट द्यायचे. आजही त्याने हॉर्नवर हात नेला. त्याच क्षणी वेग कमी झाला, हलकं चाक थांबलं, बटणांनी गचांडी धरली आणि गाडी आचके देत एका बैलगाडीच्या मागे जाऊन बंद पडली. चालू करेपर्यंत मागे एक ट्रॅक्टर येऊन लागला. पुढे बैलगाडी, मागे ट्रॅक्टर. माझ्या साळ्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या जिनिंगवर नंबर लावला होता.

पुढच्या बैलगाडीत कापसाच्या ढिगावर एक म्हातारी बसली होती, डोक्यावर पदर, हातात खडूचा तुकडा. ज्याचा नंबर लागेल त्याच्या गाडीवर खडूने आकडा घालायचा, अशी रांगेतली पद्धत, नाहीतर भांडणं होतात. ती खाली उतरली, गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि पिवळ्या दारावर व्यवस्थित आकडा घातला.

"अवो माय, ही मालकाची गाडी आहे," मी म्हणालो.

"असू दे ना बाप्पा. मालकाचा काय नंबर नसते काय?" ती आत वाकली. "काहो मालक, आज कापूस आणला काय? कुठी ठेवला? टोपीत?"

बाबांनी टोपी सावरली. "मी पाहुणा आहे बाई. घर पाहाले आलो."

"हो काय!" म्हातारीने पदर नीट केला आणि तिथेच, गाडीच्या दाराशी, उकिडवी बसली. "मंग विचारा ना. घर आतून काय पाहता? घर इथून पाहाव."

मला मनातून हसू फुटत होतं. मी स्कूटर बांधाला लावली.

रांग एक गाडी सरकायची. मग चिलीम पेटवण्याएवढा वेळ शांतता. मग पुन्हा एक गाडी. प्रत्येक वेळी साळ्याला इंजिन चालू करून गाडीभर अंतर जायचं. हळू गेला की बंद, जोरात गेला की थेट म्हातारीच्या बैलगाडीच्या मागच्या फळीपर्यंत. तो पेडल सोडायचा, गाडी बेडकासारखी उडी मारायची, बाबांचं डोकं छताला आपटायचं, टोपी नाकावर यायची. मागचा ट्रॅक्टरवाला प्रत्येक उडीला टाळ्या वाजवायचा. "वा भाऊ! अजून एक!" बैलं मात्र काही न बोलता बरोबर गाडीभर पुढे जायची आणि थांबायची.

आणि दोन उड्यांच्या मधल्या शांततेत म्हातारी बोलायची. भाव बोलीत एक ठरतो अन् काट्यावर दुसरा होते, हे सांगितलं. ओलाव्याचा कडता सांगितला. "माहा कापूस दोन महिने घरात होता, त्याच्यात ओलावा कुठचा? माह्या डोयातला असन."

"पाण्याची सोय त आहे ना?" बाबांनी विचारलं. मुलीने बजावून पाठवलेलं दिसत होतं.

"रांजण आहेत ना. नवेकोरे. पंधरा दिवसांपासून," म्हातारी म्हणाली. "त्याच्याआधी आम्ही पाणी पीत नव्हतो बाप्पा. उपास असे."

साळ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या शर्टाचा रंग बदलला होता, घामाने. डावा पाय थरथरत होता, कारण शर्यतीच्या क्लचचं पेडल असं की ते दाबायला आखाड्यातला गडी पाहिजे. उतरून चालत जावं तर होणारा सासरा गाडीत. हॉर्न वाजवावा तर सासरा गाडीत. "काय मालक, आज हॉर्न नाही वाजवत?" ट्रॅक्टरवाल्याने मागून विचारलं. "रोज त कान फाडता!" बाबा तेही ऐकत होते. त्यांनी त्या दुपारी कंडक्टरच्या शांतपणाने सगळं ऐकलं, कोणाला थांबवलं नाही, कोणाची बाजू घेतली नाही. एकदा मात्र बांधावर चरणाऱ्या एका बैलाने खिडकीतून तोंड आत घातलं, तेव्हा त्याला "मागे सरका" म्हणाले.

अखेर फाटक आलं. फाटकातून आत गेलं की वजनकाटा, म्हणजे जमिनीत बसवलेला मोठा लोखंडी पाट, त्यावर अख्खी गाडी उभी करायची. पुढे ऑफिसच्या पायऱ्यांवर सासरे उभे, हातात पाहुण्यांसाठी शाल-टोपी आणि नारळ. शेजारी माझी बायको ताट घेऊन. ऑटोतले चौघे पोहे संपवून ढेकर देत होते. म्हातारीचं वजन झालं, तिची बैलगाडी पुढे गेली. साळ्याने शेवटची उडी मारली, आणि गाडी बरोबर काट्याच्या मधोमध जाऊन बंद पडली. आता चालूच होईना. बॅटरी उतरली होती.

काटेवाला आपल्या खोलीत बसायचा. त्याच्या खिडकीची काच कापसाच्या धुळीने इतकी माखलेली की त्याने बाहेरची गाडी कधी पाहिली असेल असं मला वाटत नाही. समोरचा आकडा पाहायचा आणि ओरडायचं, हे त्याचं काम. त्याने आकडा पाहिला आणि नेहमीच्या सुरात ओरडला, "वजन बारा क्विंटल चाळीस! ओलावा दोन टक्के कट! चला, पुढे घ्या!"

रांगेतून असा हशा उठला की शेडवरची कबुतरं उडाली. ट्रॅक्टरवाला स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होता.

बाबांनी दार उघडलं, पाय बाहेर काढले, गुडघे सरळ केले आणि काट्यावर उभे राहिले. "ह्या गाडीत ओलावा कुठचा?" त्यांनी खिडकीच्या दिशेने विचारलं.

"सगळ्याच गाडीत असते. पुढे घ्या," आतून उत्तर आलं.

"जवाईबापूले घाम आला ना," म्हातारी तिकडून म्हणाली, "तोच कापला असन."

बाबा हसले नाहीत. त्यांनी वाकून साळ्याला विचारलं, "असा सगळ्याचाच कापता काय तुम्ही? ओला असो का कोरडा?"

पायऱ्यांवर सासऱ्यांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. ऑफिसातल्या गादीवर या प्रश्नाची निदान सात उत्तरं तयार असायची. शासनाचा नियम, गाठींची प्रत, आंतरराष्ट्रीय बाजार, अमेरिकेचं अनुदान. मी स्वतः यांतली काही इंग्रजीतून भाषांतरित करून दिली होती. मी वाट पाहत होतो की साळा यातलं कोणतं काढतो. माझी बायको ताट घट्ट धरून उभी होती.

साळा गाडीतून उतरला. डाव्या पायावर उभं राहता येईना, म्हणून दाराला धरून. दारावर म्हातारीच्या खडूचा आकडा, तो त्याच्या पँटला लागला.

"हो," तो म्हणाला. "सगळ्याचाच कापतो."

हे त्याने का सांगितलं, यावर घरात पुढे बरीच वर्षं मतभेद राहिले. बायको म्हणते, प्रेमामुळे. सासरे म्हणतात, मूर्खपणामुळे. माझं मत असं की खोटं बोलायला माणसाचे दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकलेले लागतात, आणि त्याचा एक पाय त्या क्लचने खाल्ला होता.

बाबांनी पायऱ्यांकडे पाहिलं. "आज रांगेत जेवढे आहेत त्यांचा कापू नका," ते सासऱ्यांना म्हणाले. "त्याच्यानंतर मी आत येतो."

सासऱ्यांनी रांगेकडे पाहिलं. ती रस्त्याच्या वळणापलीकडे गेली होती. मग मुलाकडे पाहिलं, चौतीस वर्षांचा, घामेजलेला, एका पायावर उभा. काही माणसांच्या चेहऱ्यावर हिशेब होताना दिसतो, सासऱ्यांच्या तर कपाळावर अंक उमटायचे. शेवटी त्यांनी मान हलवली. काटेवाल्याला तीन वेळा सांगावं लागलं, त्याचा विश्वासच बसेना. पिवळी गाडी ढकलून काट्यावरून काढली आणि म्हातारीचं वजन पुन्हा करून दिलं. ती जाताना म्हणाली, "रोज पाहुणे येत जा बाप्पा."

त्या दिवशी कडता कापला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. दुसऱ्या दिवसाचं विचारू नका. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात होतो.

बाबा जेवले, शाल-टोपी घेतली, घरातल्या खोल्या पाहिल्या, यंत्रांवरच्या ताडपत्र्या उचलून पाहिल्या आणि काहीच बोलले नाहीत. "कळवतो" नाही, "पाहू" नाही, काहीच नाही. साळा दाराआड उभा होता. संध्याकाळी मी त्यांना स्कूटरवर बसस्टँडवर सोडायला निघालो. चौघे नातेवाईक ऑटोत पुढे गेले होते. स्टँडवर गाडी लागलेली होती, पण ते चढेनात.

"मास्तर, तुम्ही त्याचे भाऊजी. खरं सांगा," ते म्हणाले. "पोट्टा नेहमी असाच लाइनीत राहते काय? अन् असंच खरं बोलते?"

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. क्लच, बटणं, हलकं चाक, सगळं समजावून सांगायचं, म्हणजे मुलाचं लग्न गेलं. नाहीतर हो म्हणायचं, म्हणजे त्या मुलीची फसवणूक.

"थकला म्हंजे नक्की खरं बोलते," मी म्हणालो. "एरवीचं मी सांगू शकत नाही."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, बनावट तिकीट उजेडात धरून पाहावं तसं. मग पायरीवर पाय ठेवला.

"मंग हरकत नाही," ते म्हणाले. "पोरीचं लग्न पक्कं समजा. तिनं माह्या घरी आजलोक कोणाले रिकामं बसू नाही देल्लं."